पत्राकामासाठी पॉवर हॅमर स्वतः बांधायचा असेल तर: मापं, सामान, क्रम आणि नेहमीच्या चुका

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचं भांडं मठारताना ऐकलं असेल, तर पॉवर हॅमर काय करतो हे निम्मं कळलंच आहे. खाली पॉलिश केलेला ठोकळा, वर हातोडी, मध्ये पत्रा आणि सारख्या जोराचे, एकमेकांना चिकटून पडणारे ठोके. हेच काम मोटारीवर, मिनिटाला दोनशे ते पाचशे ठोक्यांनी करणारं यंत्र म्हणजे पत्राकामाचा पॉवर हॅमर. अमेरिकेत पेटिंजेल आणि योडर या नावांची अशी यंत्रं गाड्यांच्या आणि विमानांच्या बॉड्या घडवण्यासाठी वापरली गेली. आज ती जुन्या बाजारातही क्वचित सापडतात, म्हणून जगभरचे कारागीर स्वतःच बांधतात.

इथे दिलेलं यंत्र १.२ मिमीपर्यंतचा लोखंडी पत्रा (१८ गेज) आणि २ मिमीपर्यंतचा मऊ अॅल्युमिनियम पत्रा घडवण्यासाठी आहे. मडगार्ड, पेट्रोलची टाकी, जुन्या गाडीचं बॉनेट, बोटीचे किंवा शिल्पाचे भाग, एवढं त्यावर आरामात होतं. तापवलेलं लोखंड ठोकायला हे यंत्र वापरू नका. लोहारकामाच्या हॅमरला जड रॅम (वरखाली होऊन ठोका मारणारा दांडा) आणि मोठा स्ट्रोक (त्याची वरखाली चाल) लागतो. पत्र्याला हलका रॅम, छोटा स्ट्रोक आणि अचूक रेषा लागते. बहुतेक घरगुती यंत्रं फसतात ती ही दोन कामं एकात उरकायच्या हव्यासापायी.

१. आधी तत्त्व समजून घ्या

मोटार एक एक्सेंट्रिक फिरवते, म्हणजे मध्यापासून बाजूला पिन असलेली चकती. एक्सेंट्रिकचा दांडा कमानपाट्याचं (गाडीच्या लीफ स्प्रिंगचं) मागचं टोक वरखाली करतो. पाटा मधोमध खिळीवर बसलेला असतो, सी-सॉसारखा. पुढच्या टोकाला रॅम लटकतो आणि रॅमच्या तळाशी वरची डाय, म्हणजे पत्र्यावर पडणारा पॉलिश केलेला ठोकळा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हाताने पुली फिरवून रॅम अगदी खाली आणला, तरी वरची डाय खालच्या डायला टेकता कामा नये. दोघींत काही मिलिमीटर फट राहिली पाहिजे. यंत्र वेगात चालतं तेव्हा रॅम स्वतःच्या वजनाच्या झोकाने पाटा वाकवून ही फट ओलांडतो आणि पत्र्यावर आदळतो. आदळल्यावर पाटाच त्याला वर खेचून घेतो. म्हणजे ठोका मारतो तो झोक, मोटार नव्हे. पाट्याऐवजी सरळ लोखंडी दांडा लावलात तर पत्रा जरा जाड निघाला किंवा घडी आत गेली की जोर थेट बेअरिंगवर आणि सांगाड्यावर येतो, आणि काहीतरी तुटतंच.

फट वाढवली की ठोका हलका पडतो, वेग वाढवला की जड. या दोन गोष्टी हाताला बसल्या की यंत्र बसलं.

२. सामान

* आयएसएमसी १५० चॅनेल, ६ मीटरची एक लांबी. वजन मीटरला साधारण १६-१७ किलो.
* बेससाठी १० मिमी प्लेट, ९०० × ७०० मिमी.
* १२ आणि १६ मिमी प्लेटचे तुकडे: गसेट (कोपऱ्यांना बळकटी देणारे तुकडे), खिळीचे कान, पुढची प्लेट, बेअरिंगचा शेल्फ.
* जीप किंवा छोट्या टेम्पोचा कमानपाटा, डोळा ते डोळा (टोकांच्या वळवलेल्या कड्यांमधलं अंतर) ९०० ते १००० मिमी, रुंदी ५०-६० मिमी, पान ६-७ मिमी जाड.
* रॅमसाठी ४० × ४० मिमी ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) ब्राइट बार, ३५० मिमी.
* शाफ्टसाठी ४० मिमी ईएन-८ गोल बार, ४५० मिमी, आणि यूसीपी २०८ बेअरिंग दोन.
* २० मिमी भोकाचे रॉड एंड (टोकाला फिरता डोळा असलेले सांधे) दोन, एक उजव्या आट्याचा, एक डाव्या.
* खालच्या खांबासाठी ७५ मिमी गोल ईएन-८ बार, ३५० मिमी, आणि तो सरकत बसेल अशी जाड भिंतीची सीमलेस पाइप.
* एम-३० चा आटे पाडलेला रॉड आणि त्याचे लांब नट.
* १.५ एचपी, १४४० आरपीएम, थ्री फेज मोटार. सोबत २ एचपीचा सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण).
* बी सेक्शनच्या कास्ट आयर्न पुल्या, ३ इंची आणि ९ इंची, आणि बेल्ट.
* गनमेटल पट्ट्या, ८.८ ग्रेडचे बोल्ट, डायसाठी ईएन-३१ किंवा ओएचएनएसचा (दोन्ही कडक करता येणारी पोलादं) ५० मिमी बार.

चॅनेल आणि प्लेट भंगारात किलोवर घ्या, तिथे नवं घेण्यात अर्थ नाही. पाट्यासाठी गॅरेजची किंवा जुन्या स्पेअर पार्टची बाजारपेठ गाठा, पुण्यात नाना पेठ आहे. लेथचं आणि मिलिंगचं काम बाहेरून करून घ्यायचं असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर किंवा जवळची कुठलीही एमआयडीसी चालेल. बेअरिंग, रॉड एंड आणि बोल्ट मात्र नवेच घ्या. भंगारातला बोल्ट कुठल्या ग्रेडचा आहे आणि किती वेळा ताणला गेलाय, हे बाहेरून कळत नाही.

हत्यारांत वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, गुण्या, लेव्हल, फीलर गेज आणि डायल गेज. डायल गेजला टाळू नका, उसना आणा.

३. पाटा आधी, आराखडा नंतर

कागदावर आराखडा काढून मग त्यात बसणारा पाटा शोधायला निघालात तर फिरत राहाल. पाटा मिळवा, मापा, त्यावरून खिळीची जागा ठरवा. खाली डोळा ते डोळा ९५० मिमीचा पाटा धरला आहे. तुमचा वेगळा असेल तर मापं त्या प्रमाणात सरकवा.

मेन पान आणि त्याखालची तीन, अशी एकूण चार पानं घ्या. दुसरं पान शक्य तितकं मेनच्या लांबीचं असावं. मधल्या १५० मिमी भागाला वर आणि खाली १२ मिमी प्लेट लावून चार बोल्टांनी किंवा यू-बोल्टने आवळा. म्हणजे दोन्ही बाजूंना ४००-४०० मिमी पाटा मोकळा राहतो.

पाटा पुरेसा ताठ आहे का, हे यंत्र बांधण्याआधी तपासता येतं. मधला भाग पक्का जखडा, पुढच्या डोळ्याला ५० किलोची सिमेंटची गोणी टांगा आणि डोळा किती खाली येतो ते मोजा.

* ७ ते १० मिमी: योग्य.
* १५ मिमीच्या पुढे: पाटा मऊ आहे, एक पान वाढवा.
* ४ मिमीच्या आत: फार ताठ, एक पान काढा.

मऊ पाट्याचा दोष लगेच दिसत नाही म्हणून ही चाचणी सोडू नका. पाटा आणि रॅम मिळून त्यांची स्वतःची एक झोकाची गती असते. यंत्राचा वेग तिच्याजवळ आला की रॅम बेभान उसळतो. वेग तिच्यापुढे गेला तर रॅम एक्सेंट्रिकच्या मागे पडतो: पाटा वर जात असताना रॅम खाली येतो आणि ठोके कधी जड, कधी हलके, कधी नाहीच. सहा किलोच्या रॅमला वरच्या मापाचा पाटा असेल तर ४८० ठोक्यांपर्यंत ही अडचण येत नाही. रॅम जड केलात तर येते.

पाट्याला वेल्डिंग करू नका, गॅसने तापवून भोक पाडू नका, टाका मारून टोपी बसवू नका. स्प्रिंग स्टील तापलं की त्या जागी ठिसूळ होतं आणि हजारो ठोक्यांनंतर तिथेच तुटतं. सगळी जोडणी डोळ्यातून, सेंटर बोल्टच्या भोकातून आणि क्लॅम्पने.

४. सांगाडा

दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केले की १५० × १५० मिमीचा पोकळ खांब होतो. उभा खांब १५०० मिमी, वरचा हात ५४० मिमी, खालचा हात ६५० मिमी. सगळं मिळून ५.४ मीटर चॅनेल जातो, उरलेला बेसला.

खालच्या हाताची वरची बाजू जमिनीपासून ७५० मिमीवर, वरच्या हाताची वरची बाजू खांबाच्या माथ्याशी सपाट. रॅमची मध्यरेषा खांबाच्या पुढच्या बाजूपासून ६०० मिमीवर. म्हणजे १२०० मिमी रुंद पत्र्याच्या मध्यापर्यंत पोचता येतं. डाय एकमेकींना भेटतात ती उंची साधारण १०५० मिमी. उभं राहून काम करताना हात कोपरात वाकलेले राहतात आणि खांदे दुखत नाहीत. तुमची उंची बरीच कमी-जास्त असेल तर बेसखाली फेरफार करा, सांगाड्यात नको.

आतल्या दोन्ही कोपऱ्यांत, दोन्ही बाजूंनी, २०० × २०० मिमीचे १२ मिमी जाडीचे तिरपे गसेट लावा. इंग्रजी 'सी' आकाराचा सांगाडा ठोक्यागणिक उघडायला पाहतो, आणि सगळ्यात जास्त ताण याच कोपऱ्यांत येतो.

वेल्डिंगला ७०१८ रॉड, ३.१५ मिमी, वापरण्याआधी ओव्हनमध्ये वाळवलेले. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड तसेच वापरले तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि ठोक्यांच्या यंत्रात तडा तिथूनच सुरू होतो. आधी सगळीकडे टाके मारा, गुण्या लावून तपासा, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं ७०-८० मिमीच्या तुकड्यांत वेल्ड करा. एका बाजूने सलग ओढलंत तर हात वाकणार हे नक्की. थोडा वाकला तर पुढे शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) लावून सुधारता येतो, पण ५-६ मिमी वाकलेला हात शिमने सुधारत नाही.

खांब बंद करण्याआधी माथ्याला झाकणाची सोय ठेवा. सगळं वेल्डिंग आटोपल्यावर कोरडी, चाळलेली वाळू भरून ठासा. आवाज बराच मरतो आणि यंत्राला वजन येतं. ओली वाळू आतून गंज आणते, आणि वाळू भरल्यावर त्या खांबाला वेल्डिंग करू नये.

बेसला चार कोपऱ्यांत एम-१६ चे अँकर बोल्ट लावून काँक्रीटमध्ये बांधा. वजन वर आणि पुढे असल्याने हे यंत्र मोकळं ठेवलं तर चालत पुढे येतं.

५. रॅम आणि गाईड

यंत्र चांगलं की वाईट हे इथे ठरतं. बाकी कुठेही घाई झाली तर निभावेल, इथे नाही.

वरच्या हाताच्या तोंडाला १६ मिमी जाडीची प्लेट उभी वेल्ड करा, ती हाताच्या खाली १५० मिमी लोंबती ठेवा आणि मागून गसेट द्या. गाईडचा डबा या प्लेटवर चार एम-१६ बोल्टांनी बसेल. डबा थेट वेल्ड करू नका. वेल्डच्या उष्णतेने तो तिरका होतो आणि मग रॅम आयुष्यभर अडकत चालतो. बोल्टची भोकं १८ मिमी ठेवा, म्हणजे शिम लावून सरकवायला जागा राहते.

डब्याची लांबी २०० मिमी, म्हणजे रॅमच्या रुंदीच्या पाचपट. लांबी कमी असेल तर डायच्या कडेवर ठोका पडताच रॅम तिरपा होऊ पाहतो आणि गाईड वरच्या-खालच्या टोकाला झिजतं. दोन बाजूंना गनमेटल पट्ट्या पक्क्या, समोरच्या दोन बाजूंना सेट स्क्रूने पुढे-मागे होणाऱ्या. फीलर गेजने ०.०५ ते ०.१० मिमी मोकळीक ठेवा. तेलासाठी वर एक भोक आणि खाली नमद्याची पट्टी, नाहीतर तेल थेंबाथेंबाने पत्र्यावर येतं.

रॅम ३५० मिमी: २०० गाईडमध्ये, ५० वर, १०० खाली. खालच्या तोंडात २५ मिमी व्यासाचं, ४० मिमी खोल भोक, डायची शँक (मागचा गोल दांडा) बसवायला, आणि बाजूने एम-१० चा सेट स्क्रू. शँकवर त्या जागी सपाट खाच पाडा, नाहीतर स्क्रूचं टोक शँक खरवडतं आणि डाय बाहेर निघत नाही. डाय, जोडपट्ट्या धरून रॅमचं वजन साडेपाच ते सहा किलो भरतं. त्यापुढे जाऊ नका.

रॅम आणि पाट्याचा डोळा यांच्यात १०० मिमी लांबीच्या दोन जोडपट्ट्या. डोळा कमानीत फिरतो आणि रॅम सरळ रेषेत, तो फरक या पट्ट्या सांभाळतात. बोल्टाला नायलॉक नट किंवा कॉटर पिन हवीच.

पाट्याची खिळी ३० मिमी व्यासाची, गनमेटल बुशमध्ये. जागा खांबाच्या पुढच्या बाजूपासून १२५ मिमी पुढे, वरच्या हातापासून ६० मिमी वर. मग मागचा डोळा खांबाच्या पाठीमागे बरोबर २०० मिमीवर येतो.

६. खालचा खांब

ठोका सहन करायचं काम ऐरणीचं, आणि इथे ऐरण म्हणजे खालची डाय धरणारा हा खांब. ती हलली तर निम्मा जोर वाया जातो. ७५ मिमी बार सीमलेस पाइपमध्ये सरकत बसवा. पाइप खालच्या हाताच्या टोकाला आरपार घाला, वरून आणि खालून वेल्ड करा, गसेट द्या. बारखाली एम-३० चा स्क्रू आणि हँडव्हील. एम-३० चा एक फेरा ३.५ मिमी, पाव फेरा पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. फट लावायला एवढी बारीक हालचाल पुरते. उंची ठरली की पाइपच्या बाजूने दोन एम-१२ बोल्टांनी बार जखडा. हे विसरलात तर जोर थेट स्क्रूच्या आट्यांवर येतो.

बारच्या माथ्यावर रॅमसारखंच २५ मिमी भोक. बार गुळगुळीत आणि हातापासून वर २५०-३०० मिमी निघालेला असावा, म्हणजे खोल वाकलेला पत्रा खाली अडत नाही.

७. शाफ्ट आणि एक्सेंट्रिक

खांबाच्या पाठीवर, जमिनीपासून साधारण १००० मिमीवर, १६ मिमी प्लेटचा शेल्फ. त्यावर दोन बेअरिंग २०० मिमी अंतराने, शाफ्ट आडवा, एका टोकाला ९ इंची पुली, दुसऱ्या टोकाला एक्सेंट्रिकची डिस्क मागच्या डोळ्याच्या बरोबर खाली.

डिस्क १०० मिमी व्यासाची, पुढचा भाग २५ मिमी जाड भरीव, मागे ४५ मिमी लांब बॉस. शाफ्ट फक्त बॉसमध्ये घाला, आरपार काढू नका. कारण पिनेची भोकं मध्यापासून १२ आणि १८ मिमीवर आहेत आणि शाफ्टची त्रिज्याच २० मिमी आहे. शाफ्ट पुढे आला तर पिन त्याच्यातच शिरेल. दोन भोकं समोरासमोर पाडा. पहिल्याने २४ मिमी स्ट्रोक मिळतो, दुसऱ्याने ३६. सुरुवात २४ ने करा, सपाटीचं जवळजवळ सगळं काम त्यातच होतं. शाफ्टला १२ × ८ मिमीची की.

दांड्याला दोन्ही टोकांना रॉड एंड, एकाचे आटे उजवे, एकाचे डावे. दांडा फिरवला की लांबी बदलते, आणि मधल्या स्ट्रोकला पाटा आडवा आणता येतो. लॉकनट घट्ट करायला विसरू नका.

८. मोटार आणि व्हीएफडी

१४४० आरपीएमची मोटार, ३ इंच ते ९ इंच पुली, म्हणजे शाफ्ट ४८० फेरे, म्हणजेच मिनिटाला ४८० ठोके. व्हीएफडीवर २० हर्ट्झला हेच १९० च्या आसपास येतात.

खरेदीत लोक अडकतात त्या जागा:

* सिंगल फेज कपॅसिटर मोटार व्हीएफडीवर चालत नाही. थ्री फेजच घ्या.
* सिंगल फेज व्हीएफडी आउटपुटला २३० व्होल्ट थ्री फेज देतो. आपल्याकडच्या लहान मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्यांना डेल्टात बदलावं लागतं. त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर असली पाहिजेत. बऱ्याच मोटारींत तीनच असतात आणि स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये पुरलेला असतो. दुकानातच झाकण उघडून बघा. नेमप्लेटवर २३०/४१५ लिहिलेलं असेल तर उत्तम.
* व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर लावू नका. चालू असताना तो उघडला तर व्हीएफडी जळू शकतो. पायाचा स्विच व्हीएफडीच्या रन टर्मिनलला जोडा.

किमान १५-२० हर्ट्झ, वेग वाढायला २ सेकंद, मोटारचा करंट नेमप्लेटप्रमाणे, एवढी सेटिंग पुरतात. फार कमी वेगात तासभर चालवली तर मोटारीचा स्वतःचा पंखा तिला थंड करू शकत नाही, तापमान हाताने बघत राहा. अर्थिंग मोटारीला, व्हीएफडीला आणि सांगाड्याला वेगवेगळं पोचवा. पायाच्या स्विचवर लोखंडी टोपी हवी, वरून काही पडलं तरी यंत्र सुरू होऊ नये. लाल इमर्जन्सी बटण उजव्या गुडघ्याच्या उंचीवर लावा, कारण दोन्ही हात पत्र्यात असतात.

पाट्याच्या दोन्ही टोकांवर ४० × ५ पट्टीची कमान लावा आणि बेल्टवर जाळी. पाटा तुटतो तेव्हा तुकडा वर उडतो. ही कमान नसेल तर यंत्र सुरू करू नका.

९. डाय

पहिल्या वर्षाला एक वरची आणि तीन खालच्या पुरतात.

वरची: ५० मिमी व्यास, सपाट, पण कडेचे ७-८ मिमी हलकेच उतरते आणि शेवटची कड ३ मिमी त्रिज्येने गोल. खालच्या: ३००, १५० आणि ७५ मिमी त्रिज्येच्या घुमटी. निवडीचा नियम सोपा आहे, खालच्या डायची त्रिज्या पत्र्याच्या वळणापेक्षा थोडी लहान हवी. मोठी घेतली तर तिची कड पत्र्यात रुतते.

पत्रा वेगाने ताणायचा असेल तर वर-खाली दोन्ही आडव्या नळीच्या आकाराच्या, साधारण ४० मिमी त्रिज्येच्या डाय करा. त्या पत्र्याला नळीच्या लांबीच्या आडव्या दिशेने ताणतात, त्यामुळे ताण कुठे जावा हे तुमच्या हातात राहतं. पत्रा आकसवण्याच्या अंगठ्याच्या आकाराच्या डाय घडवणं अवघड आहे, त्यांच्या वाटेला नंतर जा. तोवर कडेला टकिंग फोर्कने (चुण्या पाडायच्या दोन दातांच्या काट्याने) हाताने चुण्या पाडून त्या यंत्रावर कमी वेगात सपाट करा. चुणी स्वतःत मिटली पाहिजे. ती आडवी पडून घडी झाली तर थांबा, उघडा, नव्याने पाडा. घडीवर ठोकलं की तिथे चीर पडते.

लेथवर आकार, मग हीट ट्रीटमेंटच्या दुकानात ५८-६० एचआरसीपर्यंत (कडकपणाचं रॉकवेल माप) हार्डनिंग, मग पॉलिश. एमरी १२०, २२०, ४००, ८००, १५०० आणि शेवटी बफ. प्रत्येक कागदाला आधीच्याच्या आडव्या दिशेने घासा, म्हणजे जुन्या रेघा राहिल्या का ते दिसतं. डायवर राहिलेली प्रत्येक रेघ पत्र्यावर हजार वेळा छापली जाते.

१०. जुळवणी आणि पहिली सुरुवात

डाय बसवा, दांड्याची लांबी लावा, बेल्ट काढा आणि पुली हाताने फिरवा. पूर्ण फेऱ्यात कुठेही अडायला नको.

रॅम खालच्या हातावर सरळ आहे का ते डायल गेजने बघा: रॅमच्या बाजूला गेज टेकवून स्ट्रोकभर वरखाली करा, दोन्ही दिशांनी. मग खालच्या सपाट ठोकळ्यावर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर, आणि खालचा खांब हलकेच वर चढवून वरच्या डायचा ठसा घ्या. ठसा गोल आणि मध्यावर आला पाहिजे. चंद्रकोर आली तर डाय तिरपी भेटते आहे, गाईडच्या डब्यामागे ०.१ मिमीच्या पत्र्याचे शिम घालून सुधारा. ठसा बरोबर आला की प्लेट आणि डब्यातून दोन डॉवेल पिना ठोका.

फट: २४ मिमी स्ट्रोकला, सर्वात कमी वेगात पत्र्याच्या जाडीवर २ मिमी. वेग वाढवत न्याल तशी वाढवत पूर्ण वेगाला ६ ते ८ मिमी. हे आकडे सुरुवातीचे आहेत, शेवटचा निर्णय पत्र्यावरचा ठसा बघून.

डाय एकमेकींवर मोकळ्या कधीही चालवू नका. कडक केलेल्या स्टीलच्या कपच्या डोळ्यात जातात. पहिली चाचणी ३ मिमी अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर, २० हर्ट्झला, दहा मिनिटं. मग सगळे बोल्ट पुन्हा आवळा. तासाभराने पुन्हा.

गॉगल, कानात प्लग, बाह्या घट्ट, गळ्यात काही नको. तळहाताएवढे तुकडे हातात धरून ठोकू नका, बोटं डायपासून किमान १५० मिमी लांब राहिली पाहिजेत. आवाजाचाही विचार करा: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. चाळीत किंवा बंगल्यांच्या रांगेत हे यंत्र बसवू नका, शेड शोधा.

११. पत्रा आणि हात

सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) पत्रा घ्या, शक्य असेल तर डीडी किंवा ईडीडी, म्हणजे खोल आकार घेणाऱ्या ग्रेडचा. जीआयचा जस्ताचा थर सुटून डायला चिकटतो. अॅल्युमिनियममध्ये शुद्धतेजवळचा मऊ पत्रा चांगला घडतो, कडक टी-६ पत्रा चिरतो. कडक झालेला अॅल्युमिनियम पत्रा मऊ करायला त्यावर साबण चोळा आणि साबण काळपट होईपर्यंत सगळीकडून सारखा तापवा.

४०० ठोक्यांना पत्रा मिनिटाला साधारण दोन मीटर सरकवा, म्हणजे दोन ठोक्यांत ५ मिमी अंतर राहतं. हात थांबला की त्या जागी खड्डा पडतो, म्हणून पाय आधी उचला, मग हात थांबवा. एका दिशेच्या रांगा झाल्या की पुढचा फेरा आडव्या दिशेने. पत्रा डायवर घट्ट दाबू नका, फक्त समतल धरा आणि त्याला डायवर स्वतः बसू द्या.

१२. बिघडलं तर

* पत्र्यावर चंद्रकोरी खुणा: डाय तिरपी, किंवा खालची डाय वळणापेक्षा सपाट.
* ठोके सुटतात: वेग पाट्याला झेपत नाही, रॅम जड, किंवा जोडपट्टीचा बोल्ट सैल. या क्रमाने बघा.
* रॅम तापतो: गाईड आवळलं गेलंय, किंवा तेल नाही.
* पत्रा मधोमध फुगून आत-बाहेर लपलपतो: मध्यभाग जास्त ताणला गेला आणि कडा नाहीत. कडांवरून फेरे द्या, मध्य सोडा.
* कडेला बारीक चिरा: पत्रा कापल्यावर बुर काढला नाही, किंवा ठोक्यांनी कडक झालाय. कड फाइलने साफ करा, मऊ करा, मग पुढे जा.
* अॅल्युमिनियमवर काळे ठिपके: आधीच्या लोखंडी कामाचा कीस डायवर राहिलाय. धातू बदलताना डाय आणि पत्रा दोन्ही पुसा.
* खणखणाट अचानक वाढला: लगेच थांबवा. पाट्याच्या सेंटर बोल्टाचं भोक आणि कोपऱ्यांतले वेल्ड टॉर्चने बघा, तडा तिथेच आधी दिसतो. पाट्याला केसाएवढा तडा दिसला तरी ते पान बदला.